रूट कॅनालनंतरचा ठणका : एका दुखण्याचा शोध

गणपती उठून आठवडा झाला असेल. गुरुवारी संध्याकाळी माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल पूर्ण झालं. दोन बैठका झाल्या होत्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काकू, नळ्या साफ करून भरल्या. आता दोन-चार दिवस थोडं दुखेल, घाबरू नका." मीही मान डोलावली. शुक्रवार बरा गेला. शनिवारी रात्री साडेबाराला मात्र जाग आली ती ठणक्यानं. आमचं घर मनीषनगरात, रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. रात्री मालगाड्या जातात तेव्हा खिडकीची काच हलकेच थरथरते. त्या रात्री मला वाटलं, एकेक डबा माझ्या दाढेवरूनच चाललाय.

सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू चहाला आल्या. माझा गाल धरलेला हात पाहून म्हणाल्या, "काढून टाका नं जी तो दात! कायले इतकं सोसून राहिल्या तुम्ही?" आमच्या ह्यांनी विचारलेला प्रश्न जास्त अवघड होता. "नस काढून टाकली म्हणतेस ना? मग आता दुखतंय काय?"

हा प्रश्न साधा नाही. त्याचं उत्तर ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरात एकदा फार मोठी किंमत मोजली गेली आहे. ते पुढे सांगेन. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, वैद्यक नाही. पण त्या रविवारपासून पुढचे काही महिने मी या एकाच प्रश्नाच्या मागे लागले. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांशी बोलले. त्यातून हाती लागलं ते इथे मांडते आहे.

नस गेली, मग दुखतं काय?

दात म्हणजे दगड नव्हे. वरचं एनॅमलचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याला स्वतःला काही जाणवत नाही. त्याच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या आत मऊ गर असतो. त्या गरात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून त्या आत येतात. रूट कॅनालमध्ये काढतात तो हा गर. आपण ज्याला 'नस काढली' म्हणतो, ती म्हणजे दाताच्या आतली नस.

पण दाताच्या बाहेर काय असतं? दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते, साधारण एक पंचमांश मिलिमीटर जाडीची. दात या गादीवर टांगलेला असतो. या गादीला स्वतःच्या नसा आहेत आणि त्या फार तल्लख आहेत. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की आपण क्षणात थांबतो, ते या गादीमुळे. डोक्याच्या केसाहून बारीक कणसुद्धा तिला कळतो.

रूट कॅनालनं आतला गर जातो, पण ही गादी जागीच राहते. तिच्या पलीकडचं हाड जिवंत राहतं, हिरडी जिवंत राहते. म्हणून ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं : घर रिकामं झालंय, पण अंगण जागं आहे. आता जे दुखतं ते दातात नाही, दाताभोवती दुखतं.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडली. आतल्या गराच्या नसा दुखणं सांगतात, पण ते नेमकं कुठलं हे त्यांना नीट सांगता येत नाही. म्हणून कीड आत पोचते तेव्हा माणूस संपूर्ण गाल दाखवतो. वरचा दात की खालचा, हेही त्याला कळत नाही. बाहेरच्या गादीला मात्र जागा नेमकी कळते. दुखणं गादीपर्यंत आलं की माणूस बोट ठेवून सांगतो, 'हाच!' रूट कॅनालनंतर मी बोट ठेवून सांगू शकत होते, कारण आता दुखणं सांगणारी नस वेगळी होती.

साफसफाईचा हिशेब

नळी साफ करताना काय होतं ते समजलं की पुढचा ठणका समजतो. बारीक फाइलींनी नळीतला सडका गर खरवडतात. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणानं नळी धुतात. कपडे पांढरे करायला वापरतो त्याच्याच कुळातलं हे औषध. ते जंतू मारतं आणि उरलासुरला गर विरघळवतं. मग नळी कोरडी करून गटापर्चा नावाचा पदार्थ भरतात.

हे सगळं अगदी मुळाच्या टोकापर्यंत जाऊन थांबायला हवं. पण टोकाशी छिद्र आहे. खरवडताना थोडा कचरा, थोडे जंतू, कधी औषधाचा अंश त्या छिद्रातून पलीकडे ढकलला जातो. पलीकडच्या ऊतींना ते परकं वाटतं. तिथे रक्तपुरवठा वाढतो, पेशी धावून येतात, थोडी सूज येते. सूज यायला बाहेर जागा नाही, चहूबाजूंनी हाड. त्यामुळे दात किंचित वर उचलला जातो. आता तोंड मिटलं की हाच दात सगळ्यांच्या आधी टेकतो, दिवसभर मार खातो आणि गादी आणखी सुजते. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. मला ते सोमवारी कळलं.

याचा अर्थ डॉक्टरांची चूक झाली असा होत नाही. हाडाला इजा झाली की ती भरून येताना दुखते, तसंच हे. २०११ मध्ये पाक आणि व्हाइट या दोन संशोधकांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. रूट कॅनालपूर्वी शंभरातल्या ८१ जणांना दुखत होतं. चोवीस तासांनी हे प्रमाण ४० वर आलं आणि सात दिवसांनी ११ वर. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणं ही जवळपास निम्म्या लोकांची कहाणी आहे; आठवड्यानं ते बहुतेकांचं थांबलेलं असतं. मला महत्त्वाची वाटली ती या आकड्यांची दिशा. दुखणं दिवसागणिक उतरत जायला हवं. उतरत असेल तर वाट पाहावी. चढत असेल तर फोन करावा.

कीड, गूळ आणि घड्याळाची स्प्रिंग

आपण अजूनही 'दाताला कीड लागली' म्हणतो. हा शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत; त्यांतले आठ खुद्द दातांचे. त्यांत 'कृमिदंतक' येतो : काळा पडलेला, भोक असलेला, हलणारा, स्रवणारा, कारणावाचून दुखणारा दात. दातात अळी असते ही समजूत बाबिलोनमध्येही होती, चीनमध्येही. पण उपायाकडे पाहिलं की आपले लोक किती जवळ पोचले होते हे जाणवतं. दाताची पोकळी गुळानं किंवा मेणानं भरून तापलेल्या सळईनं डागावी, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे. आतलं दुखरं जाळायचं आणि पोकळी बुजवायची. कल्पना तीच, साधनं तेवढी नव्हती.

पुढे १७२८ मध्ये फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याला दातात अळी कधी दिसली नाही, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं आणि गर काढून टाकण्याची कृतीही सांगितली. १८३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून नळी साफ करण्याचं हत्यार केलं. आजच्या फाइलींची ती पणजी. १८६७ च्या सुमारास नळीत गटापर्चा भरायला सुरुवात झाली. हा मलायातल्या झाडाचा चीक. त्याच काळात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर त्याचंच वेष्टण चढवत. १८५१ ची इंग्लंड-फ्रान्समधली तार त्यातच गुंडाळलेली होती. दोन्हीकडे काम एकच, ओल आत येऊ न देणं.

खरा उलगडा १९६५ मध्ये झाला. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दातांना भोक पाडून गर उघडा केला. काही उंदीर साधे, तर काही जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. साध्या उंदरांचा गर मेला, पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या दातात अन्न घुसलं, तरीही गर जगला आणि त्यानं भोकावर नवं डेंटिन चढवलं. शत्रू भोक नव्हे, जंतू आहेत हे त्यातून पक्कं झालं. रूट कॅनालचा सगळा खटाटोप म्हणजे जंतू बाहेर काढायचे आणि पुन्हा आत येऊ द्यायचे नाहीत. हे ध्यानात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप सुचतात.

दुखण्याला मराठीत शब्द किती?

रविवारी दुपारी मी मॅडमना फोन केला. "दुखतंय" एवढंच म्हणाले. त्यांनी विचारलं, "कसं दुखतं, काकू? ठणकतं, की सणक येते, की चावलं तरच?" मी क्षणभर गप्प झाले. चाळीस वर्षं मुलांना शब्दांच्या छटा समजावल्या आणि स्वतःच्या दाढेला मी एकच क्रियापद लावून मोकळी झाले होते. त्या दिवशी वहीत शब्द लिहून काढले. मग लक्षात आलं की आपल्या भाषेनं हे निदान आधीच करून ठेवलं आहे.

*आंबणं.* चिंच खाल्ली, गार पाणी लागलं की दात आंबतात. एनॅमल झिजून डेंटिन उघडं पडलेलं असतं. डेंटिनमध्ये लाखो सूक्ष्म नलिका आहेत. त्यांतलं द्रव हललं की आतली नस दचकते. हे दुखणं क्षणाचं. कारण गेलं की थांबतं. रूट कॅनाल झालेल्या दाताला मात्र आंबता येत नाही, कारण दचकायला आत कोणी उरलेलं नाही. त्या दाताला गार-गरम झोंबतंय असं वाटलं तर दोन शक्यता : एक तर शेजारचा दात बोलतोय, नाही तर एखादी नळी सापडायची राहिली आहे.

*ठणका.* नाडीबरोबर ठोका पडतो तसं दुखणं. बंद जागेत दाब वाढल्याची ही खूण. आधी गराच्या कोठडीत, नंतर मुळाच्या टोकाशी. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून ठणका रात्री वाढतो. माझ्या साडेबाराच्या जागेचं कारण हेच.

*चावताना दुखणं.* दात टेकला की कळ, उचलला की बरं. हे गादीचं दुखणं. रूट कॅनालनंतरचं सर्वांत नेहमीचं आणि सर्वांत निरुपद्रवी. पण चावून सोडताना झटकन कळ येत असेल तर दाताला तडा असू शकतो.

*सणक.* विजेसारखी येते, काही सेकंदांत जाते, मध्ये काहीच नाही. वारा लागला, तोंड धुतलं, गालाला पदर लागला तरी येते. ही दाताची नव्हे. चेहऱ्याच्या नसेची तक्रार असण्याचा संभव मोठा. या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे.

ताईचे तीन दात

माझी थोरली बहीण आर्वीला असायची. पन्नाशीत तिच्या उजव्या गालात सणक येऊ लागली. ती दाखवायची ते वरच्या दाढेकडे. त्या दाढेचं रूट कॅनाल झालं. सणक गेली नाही. मग ती दाढ काढली. पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा सणक, आता शेजारच्या दातात. तोही काढला. नंतर तिसराही. दोन वर्षांत तीन दात. ताई म्हणायची, "बाई गं, दात संपतील पण दुखणं नाही संपायचं." पंख्याखाली बसेना, कुंकू लावताना गालाला हात लागू देईना. शेवटी तिला नागपूरला आणलं. मेंदूविकार तज्ज्ञांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे दाताचं नाहीच, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे.

चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी ही नस मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी. तिच्या तीन शाखा : कपाळाची, वरच्या जबड्याची, खालच्या जबड्याची. अनेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी तिला टेकते, तिचं वेष्टण झिजतं आणि नस कारणाशिवाय सणका सोडू लागते. सणक निघते मेंदूजवळ, पण नसेचा शेवट दातात असल्यामुळे जाणवते दातात. १७७३ मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी या दुखण्याचं नेमकं वर्णन केलं. १९६० च्या दशकापासून कार्बामॅझेपिन हे फिट्सचं औषध त्यावर वापरलं जातं. ताईला तेच दिलं. आठवड्याभरात तिनं बऱ्याच दिवसांनी पदर गालावरून घेतला.

तीन दात मात्र गेले ते गेलेच. दोष कुणाचा, हे मी ठरवू शकत नाही. दुखणाऱ्या माणसाला 'काहीतरी करा' एवढंच हवं असतं आणि करणाऱ्यालाही काहीतरी करून सोडवायचं असतं. दात काढणं हे डोळ्याला दिसणारं काम आहे. ऐकून घेणं दिसत नाही. ताई आता नाही. तिच्या तीन दातांची छोटी कवळी अजून माझ्या कपाटात स्टीलच्या वाटीत आहे. वरच्या काकू 'काढून टाका' म्हणाल्या तेव्हा मला ती वाटी आठवली.

रूट कॅनालनंतर सहा महिने उलटूनही दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास असल्याचं २०१० मधल्या एका एकत्रित अभ्यासात आढळलं. त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं दातातून उगम पावत नव्हतं. कुणाचं नसेचं, कुणाचं जबड्याच्या स्नायूंचं, वरच्या दाढांचं असेल तर कधी सायनसचं. म्हणून दुसरा दात काढण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : दुखणं खरंच इथलं आहे का?

रात्र काढायची कशी

आता व्यवहाराचं. डॉक्टर सकाळी भेटणार, रात्र समोर आहे. काय करावं?

उशीवर उशी घेऊन डोकं उंच ठेवावं. ठणका थोडा उतरतो. गालाला बाहेरून थंड शेक द्यावा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मग विश्रांती. आपल्याकडे गरम शेकाची सवय आहे, पण सुजेवर गरम शेक म्हणजे आगीत तेल. कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच चूळ भरावी. त्या बाजूनं चावू नये. मऊ भात, खिचडी, वरण. सावजीचा रस्सा आठवडाभर राहू द्यावा. घास दुसऱ्या बाजूनं, पण दात घासणं सोडू नये. मऊ ब्रशनं त्या दाताभोवतीही.

लवंगेचं काय? दातांच्या दवाखान्यात एक ओळखीचा वास येतो, तो लवंगेतल्या युजेनॉलचा. ते नसेला बधिर करतं, म्हणून दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर ते सिमेंटातही वापरतात. पण रूट कॅनालनंतर दुखणं मुळाच्या टोकापाशी, हाडाच्या आत. बाहेरून लावलेला लवंगेचा बोळा तिथे पोचत नाही. उलट निखळ तेलानं हिरडी भाजते. माझी भाजली.

गोळ्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चुका फार होतात. आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी आणि पॅरासिटामॉल, या दोन्ही मिळून या दुखण्यावर चांगलं काम करतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण पहिली गोळी सगळ्यांसाठी नाही. मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, काही प्रकारचा दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणं, गरोदरपण. यांत ती विचारल्याशिवाय घेऊ नये. बीपीच्या काही औषधांशीही तिचं जमत नाही. आमच्या ह्यांच्या डब्यातली गोळी मी रविवारी उचललीच होती, मॅडमनी फोनवर आधी "बीपीची कोणती औषधं घेता?" विचारलं म्हणून थांबले. शिवाय पावसाळ्याअखेर नागपुरात डेंग्यूचे दिवस असतात. दातदुखीबरोबर ताप असेल आणि तो डेंग्यूचा निघाला, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे : धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमहून जास्त कधीच नाही, वृद्धांना आणि यकृताचा त्रास असलेल्यांना त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, हे मोजताना विसरू नये.

आणि अँटिबायोटिक? मेडिकलच्या दुकानात "दाताची द्या" म्हटलं की पाकीट मिळतं. पण अँटिबायोटिक ही दुखण्याची गोळी नाही. ती रक्तातून पोचते, आणि गर गेलेल्या नळीत रक्तच नाही. सूज पसरत नसेल, ताप नसेल, तर नुसत्या दातदुखीसाठी ती देऊ नये असं अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक जंतूंना शहाणं करतं. खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही.

कधी थांबू नये

वाट पाहणं हा सल्ला सरसकट नाही. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, जिभेखालचा भाग टणक होऊन वर आला असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तोंड उघडेनासं झालं असेल, थंडी वाजून ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी मोठं रुग्णालय गाठावं. खालच्या दाढांचा पू गळ्याच्या पोकळीत उतरून श्वास कोंडू शकतो. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरांनी ही अवस्था वर्णिली आणि आजही ती जीव घेऊ शकते. तसंच डाव्या जबड्याचं दुखणं चालल्यावर वाढत असेल, सोबत घाम, धाप, छातीत दडपण असेल, तर ते दाताचं समजू नये. ते हृदयाचं असू शकतं.

दोन-तीन दिवसांत उतरलेलं दुखणं काही महिन्यांनी परत आलं, हिरडीवर पुवाची पुळी आली, तर पुन्हा एक्स-रे हवा. वरच्या पहिल्या दाढेत बहुधा एक चौथी नळी लपलेली असते. ती राहून गेली की जंतूंना घर मिळतं. कधी भराव गळका असतो. कधी दाताला उभा तडा गेलेला असतो. रूट कॅनालनंतर दाढेवर कॅप बसवायची टाळाटाळ आपण पैशासाठी करतो. पण कीड आणि कोरणं यांनी दाताच्या भिंती पातळ झालेल्या असतात. बोरकूट किंवा भाजका चणा पडला की दात चिरतो. मग काढण्यावाचून इलाज उरत नाही.

निळा कागद

सोमवारी सकाळी दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याचीही दाढ ठणकत होती, पण त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. खर्रा. आमच्या विदर्भात कोपऱ्याकोपऱ्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड मिटत येतं. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतात या विकाराकडे लक्ष वेधलं. पुढे तो कर्करोगपूर्व मानला गेला. मॅडम मला म्हणाल्या, "काकू, त्याच्या दाढेपर्यंत माझी फाइलच पोचत नाही." जो दात दुखतो तो वाचवायला आधी तोंड उघडायला हवं, इतकी साधी गोष्ट. त्या मुलाला त्यांनी मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी लिहून दिली. तो ती घडी घालून खिशात ठेवत होता. त्याच खिशात पन्नी होती.

माझी पाळी आली. मॅडमनी दातांमध्ये निळा कागद धरला आणि म्हणाल्या, "चावा. आता घासा." भरलेल्या दाढेवर एक ठळक निळा ठिपका उमटला, शेजारच्या दातांवर काहीच नाही. तो दात एकटाच सगळा भार घेत होता. त्यांनी त्या ठिपक्यावर यंत्र टेकवलं. अर्धा मिनिट घर्र झालं. पुन्हा कागद, पुन्हा थोडं घासणं. "आता?" मी तोंड मिटलं. दात दातावर बसले. चार रात्रींत पहिल्यांदाच मला माझी दाढ वेगळी जाणवली नाही.

ठणका त्या रात्रीच थांबला असं नाही. गादीची सूज उतरायला आणखी चार दिवस लागले. पण प्रत्येक रात्र आधीच्या रात्रीपेक्षा हलकी होती. तिसऱ्या आठवड्यात कॅप बसली.

वरच्या काकू परवा म्हणाल्या, त्यांची दाढ दुखून राहिली आहे. त्यांनी गोळी मागितली. मी आधी खुर्ची दिली, चहा ठेवला आणि विचारलं, "कसं दुखून राहिलं, काकू? ठणकतं का सणक येते? आणि दुसरी औषधं कोणती चालू आहेत?"

त्या विचार करू लागल्या. मी चहा होईपर्यंत ऐकत राहिले.